वहीतली ती ओळ वाचल्यावर

पत्र : “माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. बारावीनंतर दोन वर्षं लातूरला रूम करून नीटची तयारी करत होता. यंदाही मार्क कमी पडले. निकाल लागल्यापासून, म्हणजे महिनाभर, घरीच आहे. जेवायला बसतो आणि ताटात बोटं फिरवून उठतो. रात्री तीनपर्यंत जागा, दुपारी बारापर्यंत अंथरुणात. परवा त्याची खोली झाडताना वही उघडली गेली. फिजिक्सच्या गणितांमागच्या पानावर लिहिलं होतं, ‘मी नसलो तर पप्पांचं कर्ज तरी वाढणार नाही. सगळ्यांचं सोपं होईल.’ माझे हातपाय गळाले. त्याचे पप्पा म्हणतात, अभ्यास टाळायची नाटकं आहेत. सासूबाई म्हणतात, बाहेरचं असेल, एकदा दाखवून आणू. मला त्याला विचारायची भीती वाटते. विचारलं आणि डोक्यात नसलेलं भरवलं तर? मोबाईल काढून घेऊ का? दवाखान्यात नेलं तर पोलीसबिलीस होतं का? धाकटी मुलगी नववीत आहे, तिला काय सांगायचं तेही कळत नाही.” – एक आई, धाराशिव जिल्हा

ताई,

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत. त्यातला एक आजचा आहे, बाकीचे या आठवड्याचे. आजचा प्रश्न असा, की त्याला विचारायचं का. विचारायचं, आणि सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्यानं मनात नसलेला विचार येत नाही, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत तपासून झालेलं आहे. ज्याच्या मनात तो विचार आधीपासून आहे त्याला, कुणीतरी हे शब्द उच्चारले, म्हणून बहुतेक वेळा हायसंच वाटतं. तुमच्या मुलानं तर तो कागदावर उतरवलेला आहे. तो एकट्यानं ते ओझं वाहतोय.

पण संध्याकाळी त्याच्याशी बोलायच्या आधी, दुपारीच एक काम उरका. सोयाबीनच्या फवारणीचे दिवस आहेत. तुमच्या घरात, गोठ्यात, माळ्यावर, बाजेखाली कुठे ना कुठे कीटकनाशक आणि तणनाशक असणारच. मागच्या हंगामातली उरलेली अर्धी बाटलीही असेल. ते सगळं आज घराबाहेर गेलं पाहिजे. कुलूप लावलं म्हणजे झालं असं समजू नका, कारण किल्ली कुठल्या खुंटीला असते ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं. भावकीत किंवा ओळखीत, तो सहसा जात नाही अशा घरी ते सगळं पेटीत घालून हलवा आणि पेटीची किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. पुढच्या फवारणीला लागेल तेवढंच त्या दिवशी आणा आणि रिकाम्या बाटल्या-डबेही घरात ठेवू नका. यंदा फवारणीला त्याला लावूच नका. उंदराचं औषध टाकून द्या, पण ओढ्यात किंवा विहिरीत नको, पुरून टाका. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, डोकेदुखीची पाकिटं एका डब्यात घालून तुमच्या ताब्यात घ्या आणि आठवड्यापुरत्याच बाहेर काढा. घरात दारू असेल तर तीही हलवा, कारण दारूनं हात आवरत नाही. त्याच्या खोलीची आतली कडी काढून टाका. रात्रीबेरात्री मोटार चालू करायला किंवा जनावरं बघायला त्याला एकट्याला शेतावर पाठवू नका.

इथं घरातलं कुणीतरी म्हणेलच, “ज्याला करायचं तो कसंही करतो.” हे खरं नाही, आणि या एका समजुतीपायी फार घरं बसली आहेत. मरून जावं ही ओढ कायम एकाच जोरात नसते. ती भरतीसारखी चढते, काही मिनिटं किंवा काही तास टिकते आणि ओसरते. त्या वेळेत हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही ठरतं. श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी उतरलं. माणसांची दुःखं काही संपली नव्हती, विष हाताशी राहिलं नव्हतं. त्याच्या पप्पांना पटत नसेल तर त्यांना एवढंच म्हणा, “नाटक असलं तरी पेटी हलवल्यानं आपलं काय जातंय?”

आता बोलण्याबद्दल. धाकटी क्लासला आणि सासूबाई शेजारी गेल्या असतील अशी वेळ निवडा. समोरासमोर बसवून नको. शेंगा सोलताना, गच्चीवर, गाडीवर मागं बसून जाताना, म्हणजे नजरेला नजर भिडवावी लागणार नाही असं. वहीचं खरं सांगून टाका. “बाळा, खोली झाडताना तुझी वही उघडली गेली आणि मी ते पान वाचलं. न विचारता वाचलं, ते माझं चुकलं. पण वाचल्यापासून तुझ्याशी बोलायचं आहे. तुला मरून जावंसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?”

आपल्याकडं हाच प्रश्न हमखास असा विचारला जातो, “तू असलं काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?” यात उत्तर आधीच ठरलेलं आहे. आईला कोणतं उत्तर हवंय ते त्याला दिसतं, तो “नाही गं” म्हणतो आणि विषय कायमचा बंद होतो. ‘वेडंवाकडं’, ‘बरंवाईट’, ‘तसलं’ हे शब्दही नकोत. ते ऐकले की याबद्दल बोलणंच लाजिरवाणं आहे, असा निरोप पोचतो.

तो “हो” म्हणाला, किंवा काहीच न बोलता रडायला लागला, तर तुम्हाला ब्रह्मांड आठवेल. तरी शब्दांची घाई करू नका. पाठीवर हात ठेवा आणि एवढंच म्हणा, “बरं झालं सांगितलंस. किती दिवस झाले असं वाटतंय?” मग हळूहळू पुढचं विचारा. रोज येतं का? दिवसात कोणत्या वेळी जास्त येतं? कसं करायचं, कुठं, कधी, हे मनात ठरवलंय का? त्यासाठी काही आणून किंवा लपवून ठेवलंय का? आधी कधी प्रयत्न केला होता का? शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं सर्वांत महत्त्वाची. ‘नसलो तर बरं’ असं वाटणं गंभीर आहे, त्याला याच आठवड्यात डॉक्टर हवा. पण ‘कसं’ आणि ‘कधी’ ठरलेलं असेल, काही जमवून ठेवलेलं असेल किंवा आधी प्रयत्न झालेला असेल, तर आठवड्याची वाट बघायची नाही. त्याला क्षणभरही एकटं न सोडता त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायचं. १०८ ला फोन करा, नाहीतर ११२ ला.

आणि त्यानं काही घेतलंय अशी नुसती शंका आली, तरी मीठपाणी, दूध, तूप, अंड्याचा बलक असलं काहीही पाजू नका आणि उलटी करवू नका. उलटी श्वासनलिकेत गेली की फुप्फुसं खराब होतात. बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. “आता बरा दिसतोय” म्हणून परत फिरू नका, कारण काही विषांचा आणि औषधांचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसायला लागतो.

त्याच्या वहीतल्या ओळीकडं पुन्हा एकदा बघा. तो ‘मला जगायचं नाही’ असं लिहीत नाही, ‘पप्पांचं कर्ज वाढणार नाही’ असं लिहितो. आपण घरावरचा बोजा आहोत, ही त्याची खात्री झालेली आहे. म्हणून आईबापांच्या तोंडून प्रेमापोटी निघणारी काही वाक्यं या काळात उलटी लागतात. “तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं?”, “आमच्याकडं बघून तरी...”, “आम्हाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.” यातलं प्रत्येक वाक्य त्याच्या हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूला जमा होतं. “अमक्याचा पोरगा बघ, तिसऱ्यांदा लागला” हेही तसंच, मग ते धीर द्यायला म्हटलेलं असलं तरी.

हा हिशेब खोडायचं काम त्याच्या पप्पांचं आहे. तुम्ही शंभर वेळा सांगितलं तरी कर्जाबद्दल तो वडिलांचंच ऐकणार. त्यांना मोठं भाषण करायची गरज नाही. बहुतेक बापांना ते जमतही नाही, आणि म्हणून ते गप्प राहतात. त्यांनी एवढंच म्हणायचं, “फीचे पैसे मी माझ्या मर्जीनं भरले. कर्ज माझं आहे, ते मी फेडीन. तुला त्याचा हिशेब करायचा नाही. मला तू पाहिजेस, मार्क नाही.” म्हणताना जवळ बसायचं, दारात उभं राहून नाही. ‘नाटकं’ हा शब्द मात्र आजपासून घरात बंद. लक्ष वेधून घेण्यासाठी कुणी लिहिलं असेल, तरी इतक्या टोकाला जाऊन लक्ष मागावं लागतंय, यावरूनच तो किती अडकलाय ते कळतं. आणि लिहिणारा-बोलणारा काही करत नाही, ही समजूत चुकीची आहे. गेलेल्यांपैकी पुष्कळांनी आधी कुणाजवळ तरी, कोणत्या तरी शब्दांत ते बोलून दाखवलेलं असतं.

शपथ घालू नका. “माझ्या गळ्याची शपथ, असं करणार नाहीस” हे आपल्या तोंडी अगदी बसलेलं आहे, पण शपथेचा उपयोग होत नाही, उलट तोटा होतो. वाईट रात्र आली की तो तुम्हाला सांगायचं टाळतो, कारण सांगणं म्हणजे शपथ मोडल्यासारखं होतं. शपथेऐवजी एक कागद करा. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत घालून दिली आणि आता ती जगभर वापरली जाते. कागद त्याच्या अक्षरात असावा, शब्द त्याचे असावेत. सर्वांत वर, वाईट वेळ येत असल्याच्या खुणा लिहायच्या. उदाहरणार्थ, ‘मित्रांचे ॲडमिशनचे स्टेटस बघितले की’, ‘रात्री दोननंतर छातीत धडधडायला लागलं की’. त्याखाली, त्या वेळी तो एकट्यानं काय करू शकतो ते. गार पाण्यानं तोंड धुणं, अंगणात दहा फेऱ्या, ठरावीक गाणी, काहीही चालेल. मग, दुःखाबद्दल न बोलताही ज्यांच्यात बसलं की बरं वाटतं अशी माणसं आणि जागा. मग, ज्यांना खरं सांगता येईल अशी दोन-तीन नावं, फोन नंबरांसकट. पहिलं नाव तुमचं नसेल, मामाचं किंवा रूम पार्टनरचं असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. मग डॉक्टरांचा नंबर आणि १४४१६, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिच्याबद्दल पुढं सांगते आहेच. शेवटी, घरातल्या कोणत्या वस्तू हलवल्या आहेत ते. हेही त्याला उघड सांगायचं. “तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. वाईट तास आला तर तो निघून जाईपर्यंत वेळ मिळावा म्हणून हलवलंय.” कागदाचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये आणि तुमच्याही.

म्हणूनच मोबाईल काढून घेऊ नका. तो मित्रांशी बांधलेला दोर आहे. शिक्षा म्हणून फोन घेतला की तो दोर तुटतो आणि तुमच्याशी बोलणंही थांबतं. त्याच्याशी ठरवून रात्री अकरानंतर फोन ओसरीत चार्जिंगला, आणि रोज रात्री त्याच्या खोलीत किंवा दाराशी कुणीतरी झोपायला, असं मात्र जरूर करा. आज तुम्ही, उद्या पप्पा, परवा मामा. डॉक्टर सांगेपर्यंत हे चालू ठेवा. दर पाच मिनिटांना डोकावून “काय करतोस?” विचारणं म्हणजे पहारा झाला. त्याच खोलीत आपलं निवडणं-टिपणं घेऊन बसणं वेगळं.

१४४१६ हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. हा लागला नाही तर १८००-८९१-४४१६. यावर आईबापांनीही फोन करायचा असतो. त्याच्याशी काय बोलू, हे विचारायला तुम्ही आजच करू शकता.

डॉक्टर कोणता? महिनाभर झोप आणि जेवण बिघडलंय, वहीत मरणाची गोष्ट आहे, तेव्हा आधी मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक त्यांच्या जोडीला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढून दाखवता येतं. जाताना चार गोष्टी लिहून न्या. झोपेच्या वेळा, वहीतली ओळ तारखेसकट, चालू असलेली औषधं, आणि दोन्हीकडच्या घराण्यात कुणाला मानसिक आजार, व्यसन किंवा आत्महत्या झाली होती का. शेवटची गोष्ट लोक हमखास लपवतात, आणि उपचार ठरवताना तीच उपयोगी पडते. तपासणीत पंधरा-वीस मिनिटं बाहेर थांबा. काही गोष्टी, मग ती मुलगी असेल, कर्ज असेल, हॉस्टेलवरचा छळ असेल, तो आईसमोर बोलणार नाही.

तो यायला तयार नसेल तर “शुगर तपासायला जाऊ” असं फसवून नेऊ नका. दारात पाटी वाचली की तुमच्यावरचा विश्वास संपतो. “झोपेसाठी दाखवू” म्हणा. ते खरं आहे, आणि न झोपण्याचा त्रास त्यालाही होतोय. तरीही अडला तर तुम्ही दोघं आधी डॉक्टरांना भेटून या.

गोळ्यांबद्दल नीट ऐका, कारण इथंच बहुतेक घरांत बिघडतं. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. आठवड्यानं “काही फरक नाही” म्हणून बंद करायची नसते, आणि बरं वाटलं म्हणूनही नाही. बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवतात आणि डॉक्टर हळूहळू उतरवतात. पंचवीसच्या आतल्या काही मुलांमध्ये, सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर बेचैनी वाढते, मरणाचे विचार वाढतात. त्या काळात जास्त जपायचं आणि असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. झोप एकदम कमी, तरी उत्साह ओसंडतोय, बडबड आणि खर्च वाढलाय, असं झालं तरी लगेच कळवायचं. पाकीट तुमच्याकडं ठेवा, रोजची गोळी हातात द्या, आणि एका वेळी सात दिवसांचीच लिहून द्यायला सांगा. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस.

सासूबाईंना तोडून बोलू नका. त्यांना नातवाची काळजीच आहे. देवाला नवस बोलू द्या, अंगारा लावू द्या. पण देवऋषीकडं नेणं, उपास धरायला लावणं, गोळी बंद करणं नाही, आणि डॉक्टरांच्या तारखेआधी दुसरी कुठलीही तारीख नाही. हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या मुलानं सांगावं.

पोलिसांची भीती मनातून काढून टाका. मनातल्या विचारांसाठी डॉक्टरकडं जाण्यात पोलिसांचा संबंधच येत नाही, आणि डॉक्टरांनी माहिती गुप्त ठेवावी, हा रुग्णाचा कायद्यानं दिलेला हक्क आहे. प्रयत्न झालेला असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो. पण मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावात होता असं धरूनच चालतात आणि त्याला शिक्षा होत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलमच राहिलेलं नाही. गुन्ह्याच्या भीतीनं उपचाराला उशीर करू नका.

लातूर, तिसरी ट्राय, दुसरा कोर्स, हे प्रश्न आज सोडवायचे नाहीत. प्रवेशाच्या राउंडची तारीख जवळ असेल तर एखादा फॉर्म नुसता भरून ठेवा, “रस्ता उघडा असू दे, निर्णय नंतर” म्हणून. झोप सुधारायच्या आत घेतलेला निर्णय घाबरून घेतलेला असतो. पुढं तो परत लातूरला जायचं म्हणालाच, तर एकट्याची रूम नको, आणि क्लासमध्ये समुपदेशक कोण, कधी भेटतो, हे स्वतः जाऊन विचारा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी, कोचिंग क्लासेससह, किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलेलं आहे. तेव्हा विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

एक खूण मात्र ध्यानात ठेवा. कित्येक दिवस मिटलेला मुलगा एका सकाळी अचानक शांत, मोकळा वाटायला लागला, बहिणीला आपला हेडफोन देऊन टाकला, मित्रांचे उसने पैसे चुकते केले, तर “सुटलो बाई” म्हणून त्याची सोबत थांबवू नका. त्याच दिवशी पुन्हा तोच सरळ प्रश्न विचारा. प्रयत्न झाला किंवा दवाखान्यात राहून घरी आला, तर पहिला आठवडा आणि पुढचे तीन महिने सर्वांत जपायचे असतात, पाहुण्यांची वर्दळ आणि चौकशा तेवढ्या दारातच थांबवा.

धाकटीला सगळं कळलेलं आहे, फक्त तिला कुणी सांगितलेलं नाही. तिला सांगा, “दादाला आजार झालाय, त्यात मन फार खचतं. औषध चालू करतोय. त्यानं मरण्याबद्दल काही बोललं, लिहिलं, पाठवलं, तर ते गुपित ठेवायचं नाही, धावत येऊन मला किंवा पप्पांना सांगायचं.” त्यानंतर, “तू त्याच्यावर लक्ष ठेव” असं मात्र म्हणू नका. चौदा वर्षांच्या मुलीवर ते काम टाकायचं नसतं. तिच्या डब्याची आणि वेणीची वेळ पूर्वीसारखीच असू द्या, आणि रोज तेवढा वेळ फक्त तिचंच ऐका.